ख्रिसमस कॅक्टसच्या कळ्या गळतायत? कुंडी उपसायच्या आधी एवढं बघा

मार्गशीर्ष लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हटकून एक फोटो येतो. स्टीलच्या ताटलीत गोळा केलेल्या सात-आठ गुलाबी कळ्या, आणि खाली, "काकू, परत गळल्या. या वर्षी तर खतही घातलं होतं!" गेली दहा-बारा वर्षं मी या ताटल्या बघतेय. आधी माझ्याच घरी भरायच्या, आता इतरांच्या भरतात. कोथरूडमधल्या आमच्या तीन इमारतींत मिळून पंधरा-वीस तरी ख्रिसमस कॅक्टस असतील. त्यातले निम्मे माझ्या कुंडीतल्या तुकड्यांपासून झालेले, त्यामुळे तक्रारही माझ्याकडेच येते, लेकीनं माहेरी आणावी तशी.

आता तेच तेच किती वेळा सांगायचं, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. मी ज्या क्रमानं तपासते त्याच क्रमानं लिहिलंय. आधी फुकटच्या गोष्टी, मग थोड्या पैशांच्या, आणि कुंडी उपसणं सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. कळ्या गळल्या की त्याच रविवारी माती बदलतात, आणि उरलेल्या कळ्याही घालवून बसतात.

आधी लक्षणं

"फुलत नाही" एवढ्या दोन शब्दांत चार वेगळी दुखणी असतात. तुमचं कोणतं ते ठरवा.

पहिलं: कळ्या आल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या दिसल्या, काही बोटाच्या पेराएवढ्या झाल्या, आणि मग हात लावताच किंवा न लावताही टपटप पडल्या. झाड मात्र हिरवंगार, ताठ. दुसरं: कळी म्हणून नाहीच. झाड खुशीत आहे, टोकाला नवी कोवळी पेरं फुटतायत, पण फुलाचं नाव नाही. तिसरं: पेरं मऊ पडलीयत, सुरकुतलीयत, कुंडीच्या काठावरून ओल्या रुमालासारखी लोंबतायत. चौथं: रंग बिघडलाय, लालसर-जांभळा झालाय किंवा पिवळट फिका.

पहिली दोन दुखणी म्हणजे रोग नव्हेत, आपल्या सवयी आहेत, आणि त्यांच्यावरचा उपाय जवळपास फुकट आहे. चौथं सावकाश बघितलं तरी चालतं. तिसरं दिसलं तर मात्र मधलं सगळं सोडून मातीच्या तपासणीवर या, त्याला थांबायला वेळ नसतो.

एखाद-दुसरी कळी गळणं धरूच नका. एकाच टोकाला तीन-चार कळ्या आल्या तर झाड स्वतःच एखादी सोडून देतं.

आणि मी "पेर" म्हणतेय ते मुद्दाम. ज्यांना आपण पानं म्हणतो ती पानं नाहीतच, ते चपटं झालेलं खोड आहे, उसासारखं पेरापेरानं वाढणारं. कळी येते ती शेवटच्या पेराच्या टोकाला. म्हणून "टोकं वेडीवाकडी वाढलीत, जरा छाटून घेते" असं म्हणत ऑक्टोबर-नोव्हेंबरात कात्री चालवली की कळ्यांची जागाच गेली.

हे झाड वाळवंटातलं नाही

पुढची प्रत्येक तपासणी या एका गोष्टीवर उभी आहे. कॅक्टस म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे उन्हात तापलेली वाळू येते. हा कॅक्टस मात्र ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या डोंगरांतला आहे. तिथल्या दमट, धुक्याच्या जंगलांत तो झाडांच्या फांद्यांवर आणि कातळांच्या फटींत राहतो, थोड्याशा कुजलेल्या पाल्यात मुळं रोवून. पाणी भरपूर मिळतं पण साचत नाही, आणि उजेड पानांतून गाळून येतो. शास्त्रीय नाव श्लुमबर्जेरा.

पुण्यात हे समजावणं मला सोपं जातं, कारण घरोघरी ब्रह्मकमळ आहे. म्हणजे आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते, पावसाळ्यात रात्री फुलणारं आणि शेजाऱ्यांना हाका मारून दाखवायचं. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, ते वेगळं. आपलं हे कुंडीतलं कॅक्टसच आहे, तेही अमेरिका खंडातल्या जंगलात झाडांवर राहणारं. ख्रिसमस कॅक्टस ही त्याची धाकटी मावसबहीण समजा. ब्रह्मकमळाला तुम्ही भर उन्हात ठेवत नाही आणि चिखलातही नाही, मग हिला का?

तुमच्याकडे नेमकं कोण आहे?

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. एक पेर उजेडात धरून त्याची कड बघा. कडेला खेकड्याच्या नांग्यांसारखे टोकदार दात असतील तर तो श्लुमबर्जेरा ट्रंकाटा. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत "ख्रिसमस कॅक्टस" म्हणून बहुतेक हाच मिळतो. हा लवकर फुलतो, नोव्हेंबरातसुद्धा. कड गोलसर, लाटेसारखी असेल तर तो जुन्या जातीचा, खराखुरा ख्रिसमस कॅक्टस. तो थोडा मागून येतो.

पेराच्या टोकाला बारीक केसांसारखे राठ तंतू असतील आणि फूल चांदणीसारखं उघडत असेल, तर तुमच्याकडे ईस्टर कॅक्टस आहे. तो उन्हाळ्याच्या तोंडाला फुलतो. एका बाईंनी तीन डिसेंबर त्याची वाट बघून शेवटी झाड वॉचमनला देऊन टाकलं. त्याच्या खोलीबाहेर ते मार्चअखेरीस लालभडक फुललं. बाई आजही त्या बाजूनं जाताना मान वळवतात.

कोणताही असला तरी २५ डिसेंबर ही तारीख त्याला माहीत नाही. ब्राझीलमध्ये ऋतू आपल्या उलटे, तिथे हा मे महिन्यात फुलतो आणि त्याचं नावच "मे महिन्याचं फूल" आहे.

रात्रीचा उजेड: पुण्यातला खरा आरोपी

कळ्याच येत नसतील तर दहापैकी आठ वेळा कारण इथेच सापडतं.

हे झाड रात्र मोजतं. सलग बारा-चौदा तासांचा काळोख पाच-सहा आठवडे मिळाला की त्याला कळतं, आता फुलायचं. पुण्यात निसर्ग ते काम फुकट करतो. सप्टेंबर सरता सरता रात्र बारा तासांच्या पुढे जाते आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात तेरा तासांवर पोचते. म्हणजे घटस्थापनेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचा काळ हा कळ्या धरायचा काळ.

आणि नेमक्या याच काळात आपण काय करतो? आकाशकंदील लावतो.

२०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. तारीख पुढेमागे झाली तरी दिवाळी या झाडाच्या बरोब्बर मुळावर येते. कंदील वसुबारसेला चढतो, तुळशीचं लग्न होईपर्यंत उतरत नाही. आमच्या इमारतीत तर दोन-तीन कंदील नववर्षापर्यंत लोंबत असतात. शिवाय गॅलरीच्या कठड्याला गुंडाळलेल्या एलईडीच्या माळा. त्या वीज खात नाहीत, म्हणून रात्रभर बंदही होत नाहीत.

तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या घरी मला हे अगदी डोळ्यांनी दिसलं. त्यांची कुंडी गॅलरीच्या कोपऱ्यात, वर हातभर अंतरावर कंदील. झाडाची भिंतीकडची बाजू, जिथे कुंडीमागच्या खांबाची सावली पडत होती, तिथे प्रत्येक टोकाला कळी. कंदिलाकडच्या बाजूला एकही नाही, नुसती कोवळी, चकचकीत नवी पेरं. एकाच झाडाची अर्धी बाजू कार्तिकात आणि अर्धी श्रावणात. कुंडीवर जणू खडूनं रेघ मारली होती.

तेव्हा करायचं काय? संध्याकाळी दिवे लागल्यावर एकदा कुंडीजवळ उभे राहा आणि तिथून वर्तमानपत्राचा मथळा वाचता येतो का बघा. येत असेल तर तेवढा उजेड बाधतो असं मी धरते. ट्यूबलाइट, कंदील, समोरच्या इमारतीचा फ्लडलाइट, रस्त्यावरचा दिवा, सगळं मोजा. रात्री पाणी प्यायला उठलात आणि दोन मिनिटं दिवा लावला तर त्याचं एवढं नाही. रोज अकरा-बारापर्यंत जळणारा दिवा घातक.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कुंडी काळोख्या जागी नेणं: जिथे रात्री कोणी दिवा लावत नाही अशी खोली किंवा मागची गॅलरी. तशी जागा नसेल तर मिक्सरचा किंवा आंब्याचा रिकामा खोका. संध्याकाळी सहाला कुंडीवर पालथा घालायचा, सकाळी आठला काढायचा, सहा आठवडे. दिवसा मात्र चांगला उजेड हवा, नाहीतर झाड उपाशी राहील. मी घट बसतात त्या दिवशी खोका बाहेर काढते, म्हणजे विसरायला होत नाही. खोका घातल्यापासून फूल उमलेपर्यंत साधारण दोन-अडीच महिने धरा. टोकाला कळी एकदा स्पष्ट दिसली की खोक्याचं काम संपलं, मग उजेडानं बिघडत नाही.

थंडीचाही यात हात आहे. रात्री पारा १५ ते १८ अंशांपर्यंत उतरला तर काम झकास होतं. रात्री २१-२२ च्या वर राहिला तर काळोख असूनही झाड कुरकुरतं. ऑक्टोबरात पुण्यात दुपारी घाम फुटतो, पण रात्री बाहेर पारा विसाच्या आसपास आलेला असतो. बंद खिडक्यांच्या दिवाणखान्यात मात्र तो पंचविसाच्या खाली येत नाही. म्हणून टीव्हीशेजारी ठेवलेली कुंडी फुलत नाही: वरून टीव्हीचा उजेड, आजूबाजूला उबारा. गॅलरीत किंवा खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवा.

कुंडी हलवलीत का?

कळ्या आल्या आणि गळल्या, तर माझा पहिला प्रश्न हाच असतो. उत्तर नेहमी "नाही हो" असं येतं, आणि मग पाच मिनिटांनी, "म्हणजे पाहुणे येणार होते म्हणून आत आणली होती, पण दोनच दिवस."

कळी धरताना झाडानं एका दिशेच्या उजेडाचा, एका तापमानाचा हिशेब बसवलेला असतो. जागा एकदम बदलली की ते कळ्यांवरचा खर्च कमी करतं. नर्सरीतून कळ्यांसकट आणलेलं झाड घरी आल्यावर आठवड्यात कळ्या टाकतं ते यामुळेच. त्यात नर्सरीवाल्यानं फसवलं असं काही नाही. कुंडीच्या काठावर खडूनं खूण करून ठेवा. खूण खिडकीकडे राहिली पाहिजे, पाणी घालताना उचललीत तरी. पहिलं फूल पूर्ण उमलल्यावर हवी तिथे मिरवा.

बोट घाला

पाण्याचा अंदाज बघून येत नाही. बोट मातीत दोन पेरं खोल घाला, किंवा बांबूची काडी घालून मिनिटभरानं काढा. वरचा इंचभर थर कोरडा आणि खाली जरासा ओलावा असेल तर उत्तम, आज किंवा उद्या पाणी द्या. काडीला चिखल चिकटला तर आठवडाभर विसरा. माती कडेनं सुटून मध्ये भेग पडली असेल तर झाड तहानलंय. पण एवढ्या कोरड्या मातीवरून पाणी नुसतं ओघळून जातं, म्हणून कुंडी बादलीत अर्धी बुडवून पंधरा मिनिटं ठेवा आणि निथळू द्या.

कळ्यांच्या काळात दोन्ही टोकं वाईट. आठ दिवस कोरडं, मग एकदम तांब्याभर पाणी, असा खेळ झाला की कळ्या गेल्याच. कुंडीखालच्या बशीत पाणी साचलेलं दिसलं तर ते लगेच ओता. बशीसाठी मी दोघांशी भांडलेय.

पावसाळ्यात गॅलरीत झड येत असेल तर कुंडी भिंतीकडे सरकवा. जून ते सप्टेंबर रोज भिजणारं झाड वरून छान दिसतं आणि खाली कुजत असतं. त्याचा हिशेब दिवाळीत कळतो.

फळांची परडी

ही तपासणी लोकांना गंमत वाटते. पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात, आणि त्यानं कळ्या आणि फुलं गळतात. केळी, सफरचंद, पपई, चिकू. कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत आणि शेजारी केळ्यांचा घड, असं असेल तर घड हलवा. कुंडी हलवू नका, वर सांगितलंय.

ऊन

रंग बिघडला असेल तर इथे थांबा. पेरं पिवळट, किंवा कडांना लाल-जांभळी, तर ऊन जास्त होतंय. पश्चिमेची गॅलरी असेल तर एप्रिल-मेमध्ये हे होणारच, तेव्हा हिरवी जाळी लावा किंवा दुसऱ्या मोठ्या झाडाआड ठेवा. पूर्वेचं सकाळी नऊपर्यंतचं ऊन चालतं, किंबहुना मानवतं. उलट, खोलीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवलेल्या झाडाची पेरं लांबट, पातळ आणि गडद होतात आणि फूल येत नाही.

ऊन बदलूनही नवी पेरं लालसरच येत असतील तर मॅग्नेशिअम कमी पडत असू शकतं. एप्सम सॉल्ट छोटा चमचाभर चार लिटर पाण्यात, महिन्यातून एकदा, दुसऱ्या खताच्या दिवशी नाही. दोन-तीन महिन्यांत फरक दिसला नाही तर ते कारण नव्हतं, थांबवा.

खत, आणि स्वयंपाकघरातलं खत

फेब्रुवारी ते ऑगस्ट, महिन्यातून एकदा, एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विरघळणारं खत) पाण्यात अगदी पातळ करून, लिटरला एक ग्रॅम. गणपती आले की बंद. नत्र चालू राहिलं तर झाड नवी पेरं काढत बसतं, कळ्या नाही. ग्रुपवरच्या "या वर्षी तर खतही घातलं होतं" या वाक्यातच बऱ्याचदा उत्तर असतं.

चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, ताकाचं पाणी हे सगळं तुळशीखाली जिरत असेल, इथे नाही. या छोट्या कुंडीत ते वर कुजतं, माती दमट ठेवतं आणि काळी चिलटं बोलावतं.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसेल. ते क्षार. महिन्यातून एकदा नळाच्या किंवा पावसाच्या साठवलेल्या पाण्यानं कुंडी भरपूर धुऊन निथळवा.

भिंग घ्या

दोन पेरांच्या सांध्यात कापसाचा बारीकसा पुंजका दिसतोय? तो पिठ्या ढेकूण. तो रस पितो, झाड अशक्त होतं आणि कळ्या पोसता येत नाहीत. आधी कुंडी बाकीच्या झाडांपासून लांब करा, हे फार महत्त्वाचं. मग कान साफ करायची काडी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुंजका पुसा. रोज थोडं थोडं, आठवडाभर. त्यानंतर कडुनिंबाचं तेल पाच मिली आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब एक लिटर पाण्यात, संध्याकाळी फवारा, दर सात-आठ दिवसांनी तीनदा. आधी एकाच फांदीवर मारून दोन दिवस बघा. उमललेल्या फुलांवर नको.

आता कुंडी उपसा

इथवर काही सापडलं नसेल, किंवा तिसरं लक्षण असेल, म्हणजे माती ओली आणि झाड लोंबतंय, तेव्हाच. झाडावर कळ्या असतील आणि पेरं ताठ असतील तर आता उपसू नका, फुलं संपल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. या झाडाला जरा घट्ट कुंडी आवडते, दोन-तीन वर्षांतून एकदा बदलली तरी पुरे.

बी विंगमधल्या आजोबांचं झाड मी असंच उपसलं होतं. त्यांची तक्रार: "रोज पाणी घालतो, तरी सुकतंय." खरं तर रोज पाणी घालत होते म्हणूनच सुकत होतं. मुळं कुजली की पाणी वर चढत नाही, झाड तहानल्यासारखं दिसतं, आपण अजून पाणी घालतो. कुंडी आडवी करून थोपटली तर सगळा गोळा एकदम हातात आला. वरची दोन बोटं लाल माती, वाळून तडकलेली. खाली काळा लगदा, मोरीच्या जाळीसारखा वास. मुळं धरून ओढली की वरची साल मोज्यासारखी निसटून यायची आणि हातात राखाडी दोरा राहायचा. आणि अगदी मधोमध पांढऱ्या जाळीत आवळलेली कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, गोटी, नर्सरीत रोप वाढवलं तेव्हाची. तीन वर्षं ती तिथे ओल्या स्पंजासारखी बसून होती.

चांगलं मूळ कसं ओळखायचं? पांढरट किंवा फिकट बदामी, चिमटीत दाबलं तर टणक. वाईट मूळ तपकिरी-काळं, मऊ.

सगळी जुनी माती झाडा, जाळी असेल तर कापून काढा. स्पिरिटनं पुसलेल्या ब्लेडनं कुजलेली मुळं कापा. झाड वर्तमानपत्रावर सावलीत एक रात्र ठेवा, जखमा वाळू देत. हळद लावायची तर लावा, पण खरं काम वाळण्यानं होतं. नवीन कुंडी मोठी नको, उरलेल्या मुळांच्या मापाची, उथळ, मातीची, बुडाला नीट भोक असलेली. भरायला कोकोपीट दोन भाग, पालापाचोळ्याचं जुनं खत एक भाग, परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खडे) एक भाग आणि कोळशाचे किंवा विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे एक भाग. नुसती लाल माती किंवा शेतातली काळी माती अजिबात नको. पुण्याची काळी माती उसाला सोन्यासारखी, इथे ती सिमेंट होते. पहिलं पाणी दोन-तीन दिवसांनी, खत दोन महिने नाही.

निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील तर झाडाचा मोह सोडा आणि तुकडे लावा. वरच्या निरोगी भागातून तीन-तीन पेरांचा तुकडा सांध्याशी पिळून सोडवा, एक-दोन दिवस वाळवा, खालचं अर्धं पेर मिश्रणात खोचा. माती जेमतेम ओलसर ठेवा. महिनाभरात हलकं ओढून बघा, धरून बसलं असेल तर मुळं फुटली. आजोबांच्या त्या झाडाची आता चार झाडं आहेत, मूळचं राहिलं नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

खोडाचं बूड, मातीला लागून, काळं किंवा पाणचट झालंय आणि तो डाग वर सरकतोय: ही बुरशी आहे. तुमच्याकडे हे एकच झाड असेल आणि ते आईचं-आजीचं, वीस-तीस वर्षांचं असेल, तर स्वतः प्रयोग करू नका. वरच्या निरोगी भागाचे दोन-चार तुकडे विम्यासारखे वेगळे काढून ठेवा आणि कुंडी तशीच अनुभवी नर्सरीवाल्याकडे न्या. बुरशीनाशक कोणतं आणि किती, हे अंदाजानं ठरवायचं काम नाही.

पिठ्या ढेकूण तीन फेऱ्यांनंतरही परत आला, किंवा मुळांवर पांढरा दिसला, किंवा दुसऱ्या पाच-सहा कुंड्यांत पोचला, तरीही थांबा. शेतीची कीटकनाशकं आणून बंद गॅलरीत फवारणं हा मूर्खपणा आहे, घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर जास्तच. त्यासाठी माणूस बोलवा, आणि तो काय फवारतोय त्याच्या बाटलीवरचं नाव आधी वाचा.

दोन हिवाळे काळोख, थंडी, पाणी सगळं सांभाळूनही एक कळी नाही, तर कोणातरी माहितगाराला जात दाखवा. लॉन कापायला येणारे माळीबुवा यात चालत नाहीत. ते "कॅक्टस आहे ना, उन्हात ठेवा" म्हणून मोकळे होतात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे नर्सरीवाल्यांचे स्टॉल असतात आणि विचारायला चांगली संधी मिळते. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्राचा विभाग आहे, तिथेही चौकशी करायला हरकत नाही.

जाताना नुसता मोबाइलमधला फोटो नेऊ नका, कुंडीच न्या. ती नेता येत नसेल तर एक बिघडलेलं आणि एक चांगलं पेर वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते वाटेतच सडतं, मग समोरच्याला काही कळत नाही. शेवटचं पाणी, शेवटचं खत आणि कुंडी कधी हलवली त्या तारखा कागदावर लिहून घ्या. तिथे विचारलं की आठवत नाहीत.